तरंगांचा अभ्यासक : चंद्रशेखर वेंकट रामन

शांत पाण्यात खडा टाकला की तरंग काठापर्यंत जातो. पाणी मात्र जागच्या जागी वरखाली होते. तरंग पुढे नेतो ती ऊर्जा, माध्यम नव्हे. या तरंगांच्या अभ्यासात आयुष्य वेचणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे रामन.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा जन्म झाला. मद्रासला एम. ए. होऊन १९०७ मध्ये ते सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी झाले. कलकत्त्यात कचेरीच्या आधी व नंतर ते इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत रमत. पुढे रंगूनला व १९१० साली आपल्या नागपूरला त्यांची बदली झाली. प्रयोगशाळा दूर राहिली. तेव्हा त्यांनी घरातच प्रयोग मांडले.

प्रथम त्यांना ओढ लागली ती वाद्यांची. छेडलेल्या तारेचे कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात, हे अवतरंग. तारेचा नाद हवेतून येतो तेव्हा हवेचे कण तरंगाच्याच दिशेने पुढेमागे होतात, हवा दाट-विरळ होत जाते, हे अनुतरंग. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. साध्या ढोलाचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून त्याचा नाद सुरेल वाटत नाही. तबला व मृदंग यांना मात्र मधल्या शाईच्या वजनामुळे सुरेल उपस्वर मिळतात, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले.

त्याआधीच, १९१७ साली, भरल्या पगाराची नोकरी सोडून कमी वेतनावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली होती. १९२१ च्या सागरप्रवासात समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाकडे वळवले. प्रकाशही अवतरंगच, पण त्याला माध्यम लागत नाही, आणि निर्वात पोकळीत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. पदार्थाच्या रेणूंवरून विखुरताना त्याच्या अल्पशा भागाची तरंगलांबी बदलते, हा शोध त्यांनी कृष्णन यांच्या साहाय्याने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे ते निवर्तले.

मित्रहो, कला शाखेचे आहोत म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसाला ते परके वाटले नाही. जुन्या जालन्यात भजनाला घुमणाऱ्या पखवाजावरही शाई आहेच. ती तेथे का, एवढा प्रश्न तरी आपल्याला पडला पाहिजे.