रुग्णांच्या सोबत्यांचा आधार : संत गाडगे महाराज

वऱ्हाडच्या भूमीने मानवसेवेला दिलेले थोर नाव म्हणजे संत गाडगे महाराज. डेबुजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले आणि बालपण मूर्तिजापूरजवळील दापुरे गावी, मामांची गुरे राखण्यात सरले. मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची रूढी मोडून त्यांनी गोड जेवण घातले. जीवदयेचा हाच संस्कार पुढे पशुबळीविरुद्धच्या कीर्तनांतून गावोगाव पोहोचला.

१९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. १९२३ साली पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता कीर्तनातच आली. तरी कीर्तन थांबले नाही.

गरिबाचे आजारपण केवळ औषधाने निभत नाही. मोठ्या शहरात उपचार मिळाले, तरी सोबतच्यांनी राहावे कोठे, शिजवावे कोठे? ही अडचण ओळखून महाराजांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आश्रयाला आलेल्यांसाठी धर्मशाळा उभारली. अशा अनेक वास्तू उभ्या राहिल्या. परंतु स्वतःच्या कुटुंबासाठी त्यांत एक खोलीही राखली नाही. अपरिग्रहाचा याहून बोलका दाखला क्वचितच आढळेल.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक त्यांची प्राणज्योत मालवली. गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे.

आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजाने, रुग्णासोबत आलेल्या माणसाचीही विचारपूस करावी, हेच त्यांच्या स्मृतीस खरे अभिवादन ठरेल.