सर हंफ्रे डेव्ही व गंजाचें कोडें

पावसाळ्याचे दिवस कोंकणकिनाऱ्यावर ज्यांनीं काढले असतील त्यांना गंज म्हणजे काय हें सांगावयास नको. दाराची कडी, विहिरीची कप्पी, सायकलीची सांखळी, मोटारीचा पत्रा, कांहीं म्हणून त्याच्या तडाख्यांतून सुटत नाहीं. आपण रंग लावतों, तेल चोळतों, पुसून कोरडें करितों. तरी भोंकें पडावयाचीं तीं पडतातच. या शत्रूशीं विजेच्या साहाय्यानें झुंज घेतां येईल, हा विचार ज्यानें प्रथम स्पष्टपणें मांडला व प्रयोगाच्या कसोटीस लावून पाहिला, त्या सर हंफ्रे डेव्हीचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्याच्या पुष्कळ यशांपेक्षां त्याचें एक अपयशच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. म्हणून त्या भागाकडे आम्ही विशेष लक्ष वेधणार आहों.

हंफ्रे डेव्ही याचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांतील पेन्झन्स या बंदराच्या गांवीं १७ डिसेंबर १७७८ रोजीं झाला. बाप लाकडावर नक्षीकाम करणारा कारागीर होता. पांच भावंडांत हंफ्रे सर्वांत वडील. शाळेंत तो अभ्यासापेक्षां सोबत्यांना गोष्टी सांगण्याविषयींच अधिक प्रसिद्ध होता. १७९४ सालीं बाप वारला व मागें कर्ज राहिलें. तेव्हां घरचा भार हलका व्हावा म्हणून १७९५ सालीं हंफ्रे गांवांतील एका शस्त्रवैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस राहिला. औषधें कुटतां कुटतां त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. शिकविणारा गुरु नव्हता. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा ग्रंथ मिळवून त्यानें तो स्वतःच वाचला, आणि घरांतील भांडींकुंडीं हींच उपकरणें करून प्रयोग आरंभिले.

या मुलाच्या बुद्धीची वार्ता ब्रिस्टल येथील डॉक्टर बेडोज यांच्या कानीं गेली. निरनिराळे वायु हुंगावयास देऊन रोग बरे होतात कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं एक संस्था काढिली होती. १७९८ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, डेव्ही तेथें रुजू झाला. नायट्रस ऑक्साइड हा वायु त्यानें स्वतःवर वारंवार घेऊन पाहिला, व त्यानें वेदना कमी होते हें त्याच्या लक्षांत आलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं याचा उपयोग होण्याचा संभव आहे असें त्यानें १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें. परंतु ती सूचना तशीच पडून राहिली. दांत काढतांना हा वायु देण्याचा प्रघात अमेरिकेंत सुरू होण्यास १८४४ साल उजाडावें लागलें. योग्य विचार अयोग्य वेळीं जन्मास येणें हें डेव्हीच्या कपाळीं जणूं लिहिलेलेंच होतें.

१८०१ सालीं तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत गेला. त्याचीं व्याख्यानें ऐकण्यास थोरामोठ्यांची झुंबड उडूं लागली. परंतु त्याचें खरें काम तळघरांतील प्रयोगशाळेंत चाललें होतें. इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं विजेच्या घटमालेची माहिती प्रसिद्ध केली होती. ही वीज पदार्थांतून खेळविली असतां ते फुटून त्यांचीं मूलद्रव्यें वेगळीं होतात, तेव्हां पदार्थांस एकत्र बांधणारी शक्ति व वीज यांचें मूळ एकच असावें, असा सिद्धान्त त्यानें १८०६ सालीं मांडला. १८०७ सालीं त्यानें पोटॅशियम व सोडियम या धातु वेगळ्या काढिल्या आणि १८०८ सालीं कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम व मॅग्नेशियम यांचा शोध लाविला. १८१२ सालीं त्यास सर ही पदवी मिळाली. १८१३ सालीं त्यानें मायकेल फॅरेडे नांवाच्या, पुस्तकें बांधण्याचें काम शिकलेल्या एका गरीब तरुणास आपला मदतनीस नेमिलें. १८१५ सालीं कोळशाच्या खाणींत स्फोट न होऊं देणारा, तारेच्या जाळीनें वेढलेला सुरक्षित दिवा त्यानें तयार केला व त्याचें पेटंट घेण्याचें नाकारिलें. १८२० सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्याच्याकडे आलें. कारागिराच्या मुलानें याहून अधिक काय मिळवावें?

याच सुमारास आमच्या प्रस्तुत विषयास आरंभ होतो. त्या काळचीं जहाजें लाकडी असत. समुद्रांतील किडे लाकूड पोखरून काढीत, म्हणून जहाजाच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकीत. पण खाऱ्या पाण्यानें ते पत्रेहि कुजून पातळ होत व वारंवार बदलावे लागत. आरमाराचा खर्च वाढला. १८२३ सालीं आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं रॉयल सोसायटीचा सल्ला विचारिला, व अध्यक्षानें तें काम स्वतःच्याच अंगावर घेतलें.

तांब्यांत भेसळ आहे म्हणून तें कुजतें, अशी पुष्कळांची समजूत होती. डेव्हीनें निराळी दिशा धरिली. धातूचें कुजणें ही जर विजेचीच क्रिया असेल, तर तांब्याची विद्युत्स्थिति किंचित् बदलली असतां तें कुजणें थांबलें पाहिजे. दोन निरनिराळ्या धातु एकमेकींस चिकटवून खाऱ्या पाण्यांत बुडविल्या म्हणजे त्यांचा एक लहानसा विद्युत्घटच बनतो. जी धातु लवकर झिजणारी ती झिजत राहते व दुसरी वांचते. म्हणून त्यानें तांब्याच्या पत्र्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडून पाहिला. परिणाम अपेक्षेहून मोठा निघाला. वाटाण्याएवढें जस्त, किंवा लहानशा खिळ्याचें टोंक, चाळीस पन्नास चौरस इंच तांब्याचें रक्षण करण्यास पुरेसें होतें. २२ जानेवारी १८२४ रोजीं रॉयल सोसायटीपुढें हा निबंध वाचला गेला. पुढें पोर्टस्मथच्या बंदरांत मोठ्या पत्र्यांवर प्रयोग झाले. संरक्षक धातूचें क्षेत्र तांब्याच्या एकचाळीसांशापासून एकशेंदहांशापर्यंत असतां तांबें मुळींच झिजलें नाहीं. त्यांतहि बिडाचें लोखंड स्वस्त व टिकाऊ ठरलें.

या उपायाचा एक प्रसिद्ध मान हिंदुस्थानांत बांधलेल्या जहाजास मिळाला, हें आमच्या वाचकांस ऐकून आनंद होईल. कोचीन येथें १८२२ सालीं पाण्यांत लोटलेल्या समारंग या लढाऊ जहाजास १८२४ सालीं लोखंडाचे संरक्षक तुकडे बसविण्यांत आले. तें अटलांटिक महासागर ओलांडून नोव्हा स्कॉशियापर्यंत जाऊन आलें, व त्याचें तांबें चांगल्या स्थितींत आढळलें. डेव्हीस कृतार्थ वाटलें.

परंतु समुद्रानें दुसराच डाव मांडला होता. अनेक जहाजें परत आलीं तीं शेवाळानें व शिंपल्यासारख्या चिकट्या जीवांनीं भरून. बुडास असें ओझें चिकटलें म्हणजे जहाजाची गति मंदावते, आणि मंद जहाज लढाईच्या कामाचें नव्हे. कारण असें होतें कीं, तांबें झिजतांना त्याचा जो अंश पाण्यांत विरघळतो तो या जीवांस विषासारखा असतो. झिजणें थांबलें तेव्हां विषहि थांबलें. तांब्याचा जो दोष म्हणून घालवावयाचा होता, त्याच दोषावर जहाजाची स्वच्छता अवलंबून होती! संरक्षक तुकड्यांचें प्रमाण कमी करावें असे उपाय डेव्हीनें सुचविले. पण १८२५ सालीं आरमारानें ते तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. वर्षभरापूर्वीं जे स्तुति करीत होते त्यांच्याच हातीं आतां थट्टेचें साधन आलें.

हा घाव डेव्हीच्या जिव्हारीं लागला. चरित्र खरें लिहावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याचा स्वभाव मानी होता, व ज्या फॅरेडेस त्यानें वर आणिलें त्याच्याच रॉयल सोसायटींतील निवडणुकीस त्यानें विरोध केला होता. तरीहि १८२४ सालच्या आरंभीं फॅरेडे निवडून आला. १८२६ च्या अखेरीस डेव्हीस अर्धांगाचा झटका आला, १८२७ सालीं त्यानें अध्यक्षपद सोडिलें, आणि २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा शहरीं, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

मग त्याचा विचार खोटा ठरला काय? नाहीं. पुढें जहाजें लोखंडाचीं व पोलादाचीं झालीं. जीव चिकटूं नयेत म्हणून निराळा रंग, व गंज चढूं नये म्हणून जस्ताचे तुकडे, अशीं दोन कामें दोन साधनांकडे गेलीं, आणि डेव्हीचें तत्त्व तेथें पूर्णपणें उपयोगी पडलें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडवून काढण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. १९२८ सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथें रॉबर्ट कून यानें जमिनींत पुरलेल्या गॅसच्या नळांस बाहेरून वीज पुरवून गंजापासून वांचविलें.

तेव्हां मोटारीसहि विजेची एक पेटी बसविली म्हणजे काम झालें, असें कोणास वाटेल. आणि तशा पेट्या बाजारांत विकल्याहि गेल्या आहेत. येथें डेव्हीची शिकवण नीट आठवावी. विजेस आपला फेरा पुरा करावा लागतो. संरक्षक धातूपासून पाण्यांतून वांचवावयाच्या धातूकडे, व तेथून परत. जहाजाचें बूड सबंध पाण्यांत असतें, नळ ओल्या मातींत असतो. मोटार मात्र हवेंत उभी असते. तिच्यावर पाणी असतें तें थेंबाथेंबानें व चिखलाच्या सुट्या ठिपक्यांनीं. एका कोपऱ्यांतील पेटीची वीज दुसऱ्या कोपऱ्यांतील थेंबापर्यंत पोंचविणारा पाण्याचा सलग मार्ग तेथें नसतो. म्हणून पत्र्यावर सर्वत्र जस्ताचा थर देणें हाच तेथें डेव्हीच्या तत्त्वाचा खरा उपयोग होय. कारण ओरखडा पडला तरी त्याच थेंबाखालीं जस्त व लोखंड दोन्ही सांपडतात, व जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. याखेरीज पत्र्याखालचा खारा चिखल धुऊन काढणें व पाणी सांचूं न देणें, हे जुनेच उपाय आजहि खरे आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, डेव्हीचें तत्त्व प्रयोगशाळेंतहि खरें होतें व समुद्रांतहि खरें होतें. फक्त समुद्रांत त्याच्या जोडीला आणखी एक सत्य होतें, तें टेबलावरच्या भांड्यांत दिसलें नाहीं. एखादा प्रयोग फसला म्हणजे त्यांतील तत्त्व टाकून देऊं नका, आणि एखादें तत्त्व सिद्ध झालें म्हणजे तें वाटेल तेथें लागू पडेल असेंहि मानूं नका. पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलाचा एखादा उद्योग पहिल्या खेपेस फसला तर आरमाराच्या अधिकाऱ्यांइतकी घाई त्यांनीं करूं नये.