विश्लेषण : अमेरिकी वसाहतींनी राजाला का नाकारले? थॉमस पेन यांच्या ४७ पानांनी काय घडवले?

न्यूयॉर्कमधील बोलिंग ग्रीन येथे १७७० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा सोनेरी मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. मुद्रांक कर रद्द झाल्याबद्दल तेथील लोकांनी राजाचे मानलेले ते आभार होते. ९ जुलै १७७६ रोजी त्याच शहरातील जमावाने हा पुतळा दोर लावून खाली ओढला. त्यातील शिसे वितळवून पुढे बंदुकीच्या गोळ्या ओतण्यात आल्या. अवघ्या सहा वर्षांत आभार मानण्याजोगा राजा शत्रू कसा झाला? करांविरोधातील चळवळ तर आधीपासून सुरू होती. पण पार्लमेंटविरुद्धची तक्रार थेट राजाकडे आणि राजेशाहीकडे वळवली, ती इंग्लंडमधून नुकत्याच आलेल्या, तेथे दोनदा नोकरीवरून काढल्या गेलेल्या एका माणसाने. थॉमस पेन हे त्यांचे नाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षे होतात. त्या जाहीरनाम्यावर पेन यांची सही नाही.

पेन अमेरिकेत आले कसे?

पेन यांचा जन्म १७३७ मध्ये इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी झाला. वडील बायकांचे कॉर्सेट शिवत. ते क्वेकर पंथाचे होते. मोठ्या माणसापुढे टोपीसुद्धा न काढणारा हा पंथ. तेराव्या वर्षी मुलाची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली कामाला बसला. पुढची चोवीस वर्षे अपयशाची आहेत. स्वतःचे कॉर्सेटचे दुकान चालले नाही. पहिली पत्नी लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणात गेली. अबकारी खात्यात नोकरी मिळाली. मात्र माल न तपासताच तपासल्याची नोंद केल्याबद्दल १७६५ मध्ये ती गेली. अर्जविनंत्या करून ती परत मिळाली, तेव्हा पेन यांनी १७७२ मध्ये खात्यातील कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीसाठी एक पुस्तिका लिहून पार्लमेंटच्या सदस्यांमध्ये वाटली. इतका कमी पगार असेल तर माणूस लाच घेणारच, असा तिचा रोख होता. पगार वाढला नाही. १७७४ मध्ये परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याच्या कारणावरून त्यांना पुन्हा बडतर्फ करण्यात आले. त्याच वर्षी तंबाखूचे दुकान बुडाले, सामान विकावे लागले आणि दुसऱ्या पत्नीपासून ते विभक्त झाले.

वय ३७, हाती काही नाही. अशा वेळी लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांची ओळख झाली. त्यांचे शिफारसपत्र खिशात घालून पेन जहाजावर चढले आणि वाटेत तापाने इतके खंगले, की ३० नोव्हेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियात त्यांना उचलूनच उतरवावे लागले. बरे झाल्यावर ते तेथील एका मासिकाचे संपादन करू लागले. इंग्लंडच्या कारभाराचा त्यांना आलेला अनुभव पुस्तकी नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. तो कारभार त्यांनी खालून, कर गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जागेवरून पाहिला होता.

वसाहतींचे नेमके दुखणे काय?

फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले. इंग्लंड जिंकले, पण कर्जात बुडाले. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च वसाहतींनीही उचलावा, या विचाराने १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्रे, कोर्टाची कागदपत्रे, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही कर लागला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी तो रद्द झाला. मात्र वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपल्याला हक्क आहे, असे पार्लमेंटने त्याच वेळी कायद्याने नोंदवून ठेवले. भांडणाचे मूळ इथे आहे.

कर फार होता म्हणून वसाहती पेटल्या, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. इंग्लंडमधील जनतेच्या तुलनेत वसाहतींवरचा कराचा बोजा हलका होता. १७७३ च्या चहा कायद्याने तर चहा स्वस्त झाला. बंगालचा महसूल हाती येऊनही आर्थिक अडचणीत सापडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीकडे चहाचे साठे पडून होते. ते खपावेत म्हणून तिला अमेरिकेत थेट विक्रीची सवलत मिळाली. चहावरचा जुना कर तेवढा कायम राहिला. तो स्वस्त चहा पिणे म्हणजे पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य करणे, असे वसाहतींतील पुढाऱ्यांनी मानले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३०० हून अधिक पेट्या समुद्रात गेल्या. उत्तरादाखल लंडनने बोस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सचे स्वशासनाचे अधिकार छाटले.

वसाहतींचा मुद्दा तत्त्वाचा होता. प्रत्येक वसाहतीची निवडून दिलेली स्वतःची प्रतिनिधी सभा होती आणि कर तीच लावत असे. लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही सदस्य नव्हता. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क आहेत आणि लोकांच्या संमतीवाचून सरकारला वैधता नाही, ही इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची मांडणी तेथील वकील आणि पाद्री कोळून प्यायले होते.

तरीही ते मागत होते ते इंग्रज प्रजाजनांचे हक्क. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतरही जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने राजाकडे निष्ठापूर्वक विनंतीअर्ज धाडला. राजा भला, कारभारी वाईट, हाच समज होता. राजाने अर्ज स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर जाहीर केले. युद्ध सुरू झाले होते, पण ते कशासाठी, हे उघडपणे कोणी म्हणत नव्हते.

‘कॉमन सेन्स’मध्ये असे होते तरी काय?

१० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात ४७ पानांची, दोन शिलिंग किमतीची एक पुस्तिका निघाली. लेखकाचे नाव नव्हते. ‘कॉमन सेन्स’ हे नाव पेन यांचे मित्र डॉ. बेंजामिन रश यांनी सुचवलेले. राजकीय पुस्तिका तेव्हा ढिगाने निघत. बहुतेक वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेल्या, लॅटिन वचनांनी भरलेल्या असत. पेन यांनी ज्या घरात बायबलखेरीज दुसरे पुस्तक नाही, त्या घरासाठी लिहिले.

सुरुवातीलाच त्यांनी समाज आणि सरकार यांची फारकत केली. समाज आपल्या गरजांतून बनतो, सरकार आपल्या दुर्गुणांमुळे लागते. म्हणून ते जितके साधे तितके बरे. मग इंग्लंडच्या राज्यघटनेकडे ते वळले. राजा, उमराव आणि सामान्य जनता यांचा समतोल म्हणून तिची थोरवी गायली जात असे. पेन यांनी विचारले, की राजावर अंकुश ठेवण्यासाठी सभागृह लागत असेल, तर राजावर विश्वास नाही असाच अर्थ होतो. आणि विश्वास नसेल, तर त्याच राजाला सभागृहाचे निर्णय फेटाळण्याचा अधिकार कशासाठी?

सर्वांत कडक घाव पुढे आहे. स्त्री-पुरुष हा भेद निसर्गाचा, भले-बुरे हा भेद धर्माचा. पण राजा आणि प्रजा हा भेद आला कोठून? एखाद्याला लोकांनी आपण होऊन पुढारी केले, असे मानले तरी त्याच्या मुला-नातवंडांनी पुढच्या पिढ्यांवर राज्य करावे, हे ठरवण्याचा हक्क त्या लोकांना नव्हता. कर्तृत्व जन्माने उतरत नाही. इंग्लंडचे राजघराणे १०६६ मध्ये समुद्र ओलांडून आलेल्या विल्यमपासून सुरू होते. तो तर सशस्त्र टोळी घेऊन आलेला परका होता. इस्रायलच्या लोकांनी राजा मागितला तेव्हा देव कोपला, ही बायबलमधील कथा पेन यांनी पानेच्या पाने उलगडून सांगितली. ते स्वतः पुढे बायबलचे कठोर टीकाकार झाले, हे पाहता ही युक्ती गमतीची वाटते. पण वाचक कोण आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तत्त्वानंतर व्यवहार. इंग्लंड हा मायदेश, मग आईवर हात कसा उगारायचा, या भावनिक प्रश्नाला त्यांचे उत्तर असे, की अमेरिकेत माणसे साऱ्या युरोपातून छळाला कंटाळून आली आहेत. शिवाय आई पोटच्या पोरांवर फौज घालत नाही. एका बेटाने समुद्रापलीकडच्या खंडावर कायम राज्य करावे, हे निसर्गाला धरून नाही. अर्ज पाठवून उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. इंग्लंडचे युद्ध जुंपले, की अमेरिकेचा व्यापार आपोआप बुडतो. अमेरिकेचे धान्य मात्र युरोपातले कोणतेही बंदर घेईल. आणि स्वतःला राजाची प्रजा म्हणवून घेत असू, तोवर फ्रान्स किंवा स्पेन मदतीला कशाला येतील? त्यासाठी जाहीरनामा काढायलाच हवा. राजाशिवाय देश चालणार कसा, याचाही आराखडा त्यांनी दिला : दरवर्षी निवडून येणाऱ्या सभा आणि राजाच्या जागी कायदा.

वर्षभरात पुस्तिकेच्या २५ च्या आसपास आवृत्त्या निघाल्या. खानावळींत आणि छावण्यांत ती मोठ्याने वाचली जाई, म्हणजे निरक्षरांपर्यंतही पोहोचली. पेन यांनी आपल्या वाट्याचा नफा कॅनडाच्या मोहिमेवरील सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला. टीकाकारही होतेच. राजनिष्ठांनी प्रत्युत्तरे छापली. स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते जॉन ॲडम्स यांनाही पेन यांचा एकाच सभागृहाचा आराखडा धोकादायक इतका लोकशाहीवादी वाटला आणि त्यांनी स्वतःची वेगळी पुस्तिका लिहिली.

मग जाहीरनाम्यात पेन किती?

सारे श्रेय एका पुस्तिकेला देता येणार नाही. वसाहतींची जहाजे जप्त करण्याचा कायदा लंडनने केला होता. व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोर मालकांचे जे गुलाम इंग्रज फौजेत येतील त्यांना मुक्त करण्याची घोषणा केली, त्यामुळे दक्षिणेतील मळेवाले हादरले आणि स्वातंत्र्याच्या बाजूला झुकले. हे कारण पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठळकपणे येते. वसंत ऋतूत गावोगावच्या सभा स्वातंत्र्याचे ठराव करू लागल्या. ७ जूनला काँग्रेसपुढे प्रस्ताव आला, २ जुलैला मंजूर झाला आणि थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला मसुदा दुरुस्त्यांसह ४ जुलैला स्वीकारला गेला.

मसुद्याचा पाया लॉक यांचाच आहे : सर्व माणसे समान, हक्क निसर्गदत्त, सरकार संमतीने, आणि ते हक्क पायदळी तुडवणारे सरकार बदलण्याचा लोकांना अधिकार. पेन यांची खूण दिसते ती तक्रारींच्या लांबलचक यादीत. दहा वर्षे भांडण पार्लमेंटशी होते, पण यादीतील आरोपी राजा आहे. पार्लमेंटचा थेट नामोल्लेखही नाही. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजावर आरोप करणारा एक परिच्छेद होता. तो काँग्रेसने काढून टाकला. तेव्हा वसाहतींच्या सुमारे २५ लाख लोकसंख्येत ५ लाखांच्या आसपास माणसे गुलाम होती. जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते.

स्वातंत्र्यानंतर पेन यांचे काय झाले?

१७७६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन यांची फौज हरत मागे हटत असताना पेन तिच्यासोबत चालत होते. त्या वाटेवर लिहिलेल्या ‘क्रायसिस’ या पत्रकाने सैनिकांना धीर दिला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला, तेव्हा तेथील कारकून पेनच होते.

१७८७ मध्ये ते युरोपात परतले. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्क यांनी केलेल्या टीकेला उत्तर म्हणून १७९१ आणि १७९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग आले. इंग्लंडने राजद्रोहाचा खटला भरला. पेन फ्रान्समध्ये निघून गेले आणि तेथील राष्ट्रीय सभेवर निवडून आले. मात्र राजेशाहीच्या या शत्रूने सोळाव्या लुईला ठार मारायला विरोध केला. राजा हे पद नको, पण माणूस मारू नका, त्याला अमेरिकेत पाठवा, असे त्यांचे म्हणणे. १७९३ च्या अखेरीस त्यांनाच तुरुंगात टाकले गेले. दहा महिन्यांहून अधिक काळ ते गिलोटिनच्या छायेत होते.

याच काळात ‘द एज ऑफ रीझन’ छापले गेले. धर्मग्रंथ देवाने दिलेले नाहीत, असे त्यात होते. देव मानणाऱ्या पेन यांना अमेरिकेने नास्तिक ठरवले. १८०२ मध्ये ते परतले, तेव्हा जुने मित्र टाळू लागले. न्यू रोशेल येथे एकदा त्यांना मतदानही करू दिले नाही. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. क्वेकरांनी दफनभूमीत जागा नाकारली. अंत्यविधीला जेमतेम अर्धा डझन माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने स्मारक बांधण्यासाठी त्यांची हाडे उकरून इंग्लंडला नेली. स्मारक झाले नाही. हाडेही कोठे गेली, कळले नाही.

पुण्याशी संबंध काय?

१८४७ मध्ये पुण्यातील विशीच्या जोतीराव फुले यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. जन्मावरून मिळणारा अधिकार हा पेन यांच्यापुढे राजा आणि उमराव यांचा प्रश्न होता. पुण्यात तो जातीचा होता. पुढच्याच वर्षी फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये त्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. १७७६ च्या जाहीरनाम्यासाठी नव्हे, तर जाहीरनाम्याने वगळलेल्या काळ्या गुलामांना पुढे मुक्त केल्याबद्दल.