जय जगत् म्हणणारा माणूस

घोटीच्या स्टेशनावर उभे असताना कधी कधी लष्कराची मालगाडी समोरून जाते. उघड्या वाघिणींवर ताडपत्रीने झाकलेल्या तोफा असतात. तोफखान्याचे शिक्षण देणारी देवळाली याच लोहमार्गावर आहे. लहानपणी आम्ही पोरे त्या गाडीला सलाम ठोकत असू आणि छाती फुगून येत असे. देश म्हणजे तोफ, हे समीकरण मनात केव्हा बसले ते कळलेही नाही. ते हलले विनोबांचे चरित्र वाचताना.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. तरुणपणी त्यांना दोन ओढी होत्या, हिमालयाची आणि बंगालच्या क्रांतिकारकांची. म्हणजे हा माणूस जन्मतःच शांत होता असे नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना भेटले. आपण विद्यार्थ्यांनी परीक्षा चुकवण्यापुरते त्यांचे अनुकरण करू नये, एवढेच!

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि व्हाइसरॉयने देशाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्य मिळाल्यास युद्धात साहाय्य करू, अशी काँग्रेसमधील अनेकांची भूमिका होती. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडले ते मात्र विनोबांना. नेहरूंचा क्रमांक दुसरा होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. त्यांचा विरोध केवळ इंग्रजांच्या युद्धाला नव्हता, युद्धालाच होता. चारच दिवसांत त्यांना अटक झाली.

पण मला खरी कसोटी वाटते ती पुढची. परक्यांच्या सैन्याला विरोध करणे सोपे असते. स्वराज्य आल्यावर, सैन्य आपले झाल्यावर काय? विनोबांनी आपले मत बदलले नाही. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. १९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना उभारायला घेतली. दंगलीत शस्त्राविना शिरणारी ही सेना होती. त्याच वर्षी ‘जय हिंद’च्या जागी ते ‘जय जगत्’ म्हणू लागले. देशाचा जय दुसऱ्याच्या पराजयावर उभा नसावा, असा त्याचा भाव.

सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. ज्या देशाकडे आपण शत्रू म्हणून पाहत होतो, तेथील लोकांनीही त्यांना जमीन दिली. पुढच्याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले. मार्च १९६३ मध्ये शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन निघाले. चीनने तिला प्रवेश दिला नाही. विरोधकांना हसायला कारण मिळाले.

मीही हसलो असतो. सीमेवर गोळी येते तेव्हा शांतिसेना पुरेल काय, या प्रश्नाचे उत्तर मला विनोबांतही पूर्ण सापडत नाही. शिवाय आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर जी टीका झाली, तीही डोळ्यांआड करता येत नाही. युद्धाविरुद्ध पहिला उभा राहणारा माणूस तेव्हा सत्तेविरुद्ध उभा का राहिला नाही? १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला. तो प्रश्न मागे राहिला.

तरीही त्यांनी माझा एक भ्रम दूर केला. मागे आमच्या आळीतला जवान सुट्टीवर आला होता. आम्ही त्याला घेरून लढाईच्या गोष्टी विचारू लागलो. त्याने मात्र भाताची आवणी झाली का, पाऊस कसा आहे, हेच विचारले. तोफेचा अभिमान आम्हाला होता, तोफेजवळ राहणाऱ्याला घराची ओढ होती. त्याच्याविषयीचा आदर माझ्या मनात तसूभरही कमी झालेला नाही. पण त्याला मरणाच्या तोंडी पाठवण्याची घाई करणारी देशभक्ती मला आता संशयास्पद वाटते.

आजही घोटीहून तोफांची गाडी जाते. माझा हात वर जातो, तो वाघिणीच्या कडेला बसलेल्या त्या माणसासाठी. तो सुखरूप परत यावा, एवढेच मनात येते.