उद्योगवीर वालचंद

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे गाव लागते. भोवताली काळ्या मातीची शेते व त्यांत शाळूचे पीक असा हा मुलूख आहे. पावसाने डोळे वटारले की शेतकऱ्याची वर्षाची मेहनत वाया जाते. तरी पुढल्या हंगामात तो पुन्हा पाभर धरतो. याच मुलखात, सोलापूर शहरी, २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. नुकसान झाले तरी पेरणी सोडावयाची नाही, ही शेतकऱ्याची जिद्द त्यांनी उद्योगात दाखविली.

त्यांचे घराणे सावकारी व कापसाचा व्यापार करणारे होते. पेढीवर बसून त्यांना सुखाने दिवस काढता आले असते. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेत पूर्वी कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी रेल्वे-बांधकामाचे मक्ते घेण्यास प्रारंभ केला.

पुढे त्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. हिंदी जहाज कंपन्या त्यापूर्वी बुडाल्या होत्या. तो अनुभव डोळ्यांसमोर असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ साली सिंदिया कंपनी स्थापिली. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल रोजी मुंबईहून लंडनला निघाले. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाडे इतके उतरविले की सिंदिया टिकणे कठीण झाले. १९२३ साली जाचक अटींचा करार पत्करावा लागला व 'लॉयल्टी'ही मोडीत निघाले. तरी कंपनी तगली.

त्याच सुमारास वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात रावळगाव येथे खडकाळ माळजमीन घेऊन ती लागवडीस आणली व तेथे ऊस पिकविला. परंतु त्या काळी जावा बेटातून स्वस्त साखर येई. तिच्यापुढे देशी साखरेचा निभाव लागणे अवघड होते. १९३२ साली कायदा झाला आणि परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली. देशी साखरेला बाजार मिळाला. पूर्वी देशात सुमारे तीस साखर कारखाने होते. चार-पाच वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. रावळगाव येथेही कारखाना उभा राहिला. माणसाच्या हिमतीला राज्याच्या धोरणाची जोड मिळाली, म्हणजे काय घडते, हे यावरून दिसून आले.

अशी जोड सर्वत्र मिळाली नाही. १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे त्यांनी विमानांचा कारखाना काढला. युद्धामुळे १९४२ साली सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. त्याच वर्षी विशाखापट्टणवर जपानी बाँब पडले व तेथील नव्या जहाज कारखान्याचे काम विस्कळीत झाले. वालचंद खचले नाहीत. १९४४ साली त्यांनी मोटारींचा उद्योग आरंभिला. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टण येथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. 'लॉयल्टी' ज्या दिवशी निघाले, तो ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. जे जहाज चारच वर्षांत मोडीत निघाले, त्याच्या पहिल्या प्रवासाचे स्मरण सारा देश करतो.