विश्लेषण : ‘हॅलोविन’चा खुनी मरत का नाही? या चित्रपटमालिकेमागचे मुस्तफा अक्कड कोण होते?

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत घरोघरी कोरलेले भोपळे मांडले जातात आणि पडद्यावर पांढरा मुखवटा घातलेला मायकेल मायर्स हातात सुरा घेऊन पुन्हा अवतरतो. १९७८ ते २०२२ या काळात ‘हॅलोविन’ मालिकेचे १३ चित्रपट आले. दिग्दर्शक बदलले, कलाकार बदलले, वितरक कंपन्याही बदलल्या. मात्र पहिल्या आठही चित्रपटांशी निर्माता या नात्याने जोडले गेलेले नाव एकच होते, ते म्हणजे मुस्तफा अक्कड. सीरियात जन्मलेल्या अक्कड यांना अरब जग मात्र या भयपटांसाठी ओळखत नाही. तेथे ते इस्लामच्या उदयावरील ‘द मेसेज’ या चित्रपटाचे दिग्दर्शक आहेत. एकाच माणसाच्या या दोन ओळखी कशा तयार झाल्या आणि त्याचा शेवट इतका दुर्दैवी का ठरला, याचा हा आढावा.

अलेप्पोहून हॉलीवूडपर्यंत कसे पोहोचले?

अक्कड यांचा जन्म १ जुलै १९३० रोजी अलेप्पो शहरात झाला. सीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. लहानपणापासून त्यांना सिनेमाचे वेड होते आणि हॉलीवूडमध्ये जाऊन दिग्दर्शक व्हायचे, हे त्यांनी शाळकरी वयातच ठरवले होते. अलेप्पोतल्या मध्यमवर्गीय घरातील मुलाने असे काही बोलणे तेव्हा हसण्यावारी नेले जाई. विशीच्या उंबरठ्यावर ते खरोखरच अमेरिकेला निघाले. निघताना वडिलांनी त्यांच्या हाती दोन गोष्टी ठेवल्या : २०० डॉलर आणि कुराणाची एक प्रत. याहून अधिक देण्याची त्यांची ऐपत नव्हती.

लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी चित्रपटाचे शिक्षण घेतले आणि १९५८ मध्ये पदवी मिळवली. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले. याच काळात दिग्दर्शक सॅम पेकिन्पा यांच्याशी त्यांचा परिचय झाला. अल्जेरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरील एका नियोजित चित्रपटासाठी पेकिन्पा यांना अरब जगाची माहिती असलेला सल्लागार हवा होता. तो चित्रपट झाला नाही, पण अक्कड यांना गुरू मिळाला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी टीव्हीसाठी कार्यक्रम केले. नाव बदलून अमेरिकी वळणाचे घेण्याची हॉलीवूडमध्ये तेव्हा सर्रास पद्धत होती. अक्कड यांनी आपले नाव बदलले नाही.

‘द मेसेज’ वादात का सापडला?

अमेरिकेत स्थिरावलेल्या अक्कड यांना एक गोष्ट सतत खटकत होती. पाश्चात्त्य प्रेक्षकांना इस्लामची फारशी माहिती नव्हती आणि जी होती ती बव्हंशी विपर्यस्त होती. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही हा धर्म समजावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यातून प्रेषित मोहम्मद यांच्या काळावर चित्रपट काढण्याची कल्पना पुढे आली. अडचण उघड होती. प्रेषितांचे चित्रण इस्लामला मान्य नाही. त्यामुळे संपूर्ण चित्रपटात प्रेषित पडद्यावर दिसत नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. इतर पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि त्यांच्या प्रतिसादावरून प्रेक्षकाला प्रसंग समजतो. संहिता इस्लामी विद्वानांकडून तपासून घेण्यात आली होती.

हा चित्रपट एकाच वेळी इंग्रजी आणि अरबी अशा दोन भाषांत चित्रित झाला. प्रत्येक प्रसंग आधी एका, मग दुसऱ्या कलाकारसंचासह, असा हा दुप्पट खटाटोप होता. इंग्रजीत प्रेषितांचे काका हमजा यांची भूमिका अँथनी क्विन यांनी, तर अरबीत अब्दुल्ला गैथ यांनी केली. मोरोक्कोत मक्केची प्रतिकृती उभारून चित्रीकरण सुरू झाले. मात्र सौदी अरेबियाच्या दबावामुळे ते थांबवावे लागले. अखेर लिबियाचे हुकूमशहा मुअम्मर गडाफी यांनी जागा आणि पैसा दिला, तेव्हा चित्रपट पूर्ण झाला.

खरे संकट पुढेच होते. मार्च १९७७ मध्ये चित्रपट अमेरिकेत झळकत असतानाच वॉशिंग्टनमध्ये हनफी गटाच्या १२ बंदूकधाऱ्यांनी तीन इमारतींत सुमारे दीडशे जणांना ओलीस धरले. त्यांच्या नेत्याच्या कुटुंबीयांच्या हत्येचा सूड ही त्यामागची मुख्य प्रेरणा होती, पण हा चित्रपट मागे घ्या, अशीही एक मागणी होती. अँथनी क्विन यांनी प्रेषितांचीच भूमिका केली आहे, असा त्यांचा समज झाला होता. चित्रपट त्यांनी पाहिलाच नव्हता. तीन मुस्लीम देशांच्या राजदूतांनी मध्यस्थी केल्यानंतर ओलिसांची सुटका झाली. मात्र या प्रकारात एका तरुण पत्रकाराचा बळी गेला. चित्रपटाचे खेळ थांबवावे लागले आणि अमेरिकेतील त्याची संधी तेथेच हुकली. मॉरिस जार यांच्या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले, एवढेच समाधान पदरी पडले.

‘हॅलोविन’ कसा घडला?

या धक्क्यानंतर वर्षभरातच अक्कड यांच्यासमोर एक छोटा प्रस्ताव आला. वितरक आयर्विन याब्लान्स यांच्या डोक्यात एक कल्पना होती. पालक बाहेर गेले असताना पैसे घेऊन लहान मुले सांभाळणाऱ्या तरुण मुलींच्या, म्हणजे बेबीसिटरच्या मागावर असलेला खुनी. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला ओळखीची असलेली ही परिस्थिती होती. दिग्दर्शक म्हणून जॉन कार्पेंटर हा तिशीतला तरुण ठरला होता. डेब्रा हिल या सहलेखिका आणि निर्मात्या होत्या. हवे होते फक्त तीन लाख डॉलर.

हॉलीवूडच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळ होती, पण कार्पेंटर यांच्या नावावर मोठे यश नव्हते. अक्कड साशंक होते. कार्पेंटर यांनी त्यांना संपूर्ण चित्रपट प्रसंगामागून प्रसंग सांगितला. शिवाय लेखन, दिग्दर्शन आणि संगीत या तिन्ही कामांसाठी मिळून अवघे १० हजार डॉलर आणि नफ्यातील वाटा घेण्याची तयारी दाखवली. अक्कड यांनी पैसे लावले.

बचतीच्या या खुणा चित्रपटात जागोजागी आहेत. गोष्ट इलिनॉय राज्यातील काल्पनिक हॅडनफील्ड गावची, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात आणि तेही वसंत ऋतूत. त्यामुळे पानगळ दाखवण्यासाठी रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची आणि दृश्य संपले की पुढच्या वेळेसाठी गोळा करून ठेवायची, असा क्रम होता. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतील कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा रबरी चेहरा. दोन डॉलरहून कमी किमतीच्या या मुखवट्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोके मोठी केली आणि भयपटांतील सर्वांत ओळखीचा चेहरा तयार झाला. नायिका जेमी ली कर्टिस हिचा हा पहिलाच चित्रपट. हिचकॉकच्या ‘सायको’तील अभिनेत्री जॅनेट ली यांची ती मुलगी. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लूमिस यांच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अभिनेते डोनाल्ड प्लेझन्स यांना घेतले गेले. सारे चित्रीकरण साधारण तीन आठवड्यांत उरकले.

२५ ऑक्टोबर १९७८ रोजी कॅन्सस सिटीत चित्रपट प्रदर्शित झाला. मोठी जाहिरात नव्हती. मोजक्या प्रती एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत राहिल्या आणि तोंडी प्रसिद्धीवर गर्दी वाढत गेली. अमेरिकेत ४ कोटी ७० लाख, तर जगभरात सुमारे ७ कोटी डॉलरची कमाई झाली. सुरा घेऊन एकेकाला टिपणाऱ्या खुन्याच्या ‘स्लॅशर’ चित्रपटांची लाट यातूनच उसळली. १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हे त्याचेच अपत्य.

यश एका बाजूला, स्वप्न दुसऱ्या बाजूला?

भयपटाने नाव मिळवून दिले, पण दिग्दर्शक म्हणून अक्कड यांचे मन भव्य ऐतिहासिक चित्रपटांतच होते. १९८१ मध्ये त्यांचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ आला. इटलीच्या फॅसिस्ट राजवटीविरुद्ध लढलेले लिबियाचे वृद्ध शिक्षक आणि बंडखोर नेते उमर मुख्तार यांची ही कथा. मुख्तार झाले होते अँथनी क्विन, तर मुसोलिनी झाले होते रॉड स्टायगर. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर, म्हणजे ‘हॅलोविन’च्या शंभरपटीहून अधिक. पैसा पुन्हा गडाफी यांचा. तोच चित्रपटाला भोवला. ज्या राजवटीशी अमेरिकेचे वैर होते, तिच्या पैशाने बनलेला चित्रपट पाश्चात्त्य देशांत प्रचारपट म्हणून पाहिला गेला. खर्चाचा छोटासा हिस्साही वसूल झाला नाही. इटलीने तर लष्कराचा अवमान झाल्याचे कारण देत त्यावर बंदी घातली आणि तेथील टीव्हीवर तो दिसायला २००९ साल उजाडले.

या चित्रपटानंतर अक्कड यांनी दिग्दर्शन केले नाही. पन्नाशीत असलेल्या या दिग्दर्शकाच्या हाती उरला तो मुखवटा घातलेला खुनी.

मायकेल मायर्स मरत का नाही?

‘हॅलोविन २’ (१९८१) च्या शेवटी मायकेल आगीत जळतो. कार्पेंटर आणि हिल यांच्या दृष्टीने त्याची गोष्ट संपली होती. दरवर्षी हॅलोविनच्या सणाशी निगडित नवी भयकथा सांगावी, असा त्यांचा विचार होता. त्यानुसार १९८२ मध्ये आलेल्या तिसऱ्या चित्रपटात मायकेल नव्हताच. प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

अक्कड यांनी यातून व्यापारी धडा घेतला. लोक सणासाठी येत नाहीत, मायकेलसाठी येतात. कार्पेंटर आणि हिल मालिकेतून बाजूला झाल्यावर सूत्रे अक्कड यांच्याकडे आली आणि १९८८ च्या चौथ्या चित्रपटाच्या नावातच मायकेल परतल्याची घोषणा होती. हा चित्रपट चालला. त्यानंतर १९८९, १९९५, १९९८ आणि २००२ मध्ये पुढचे भाग आले. दर्जा चढउताराचा होता, कथानकांत गुंते वाढले, पण एक अट कायम राहिली : मायकेलला कायमचे मारायचे नाही.

ही अट किती काटेकोर होती, हे १९९८ च्या ‘हॅलोविन एच२०’ मध्ये दिसले. मालिकेत परतलेल्या जेमी ली कर्टिसला आपल्या पात्राच्या हातून मायकेलचा निर्णायक शेवट हवा होता. अक्कड त्याला राजी नव्हते. तडजोड अशी निघाली की पडद्यावर नायिका त्याचे शिर उडवते, प्रेक्षक समाधानाने घरी जातात आणि पुढच्या भागात कळते, की मुखवट्याआड भलताच माणूस होता. भुताखेतांची शक्ती म्हणून जे पडद्यावर दिसते, त्यामागे असा साधा हिशेब होता. खुनी संपला तर मालिकाही संपली.

सलादिनचे स्वप्न काय होते?

या सर्व वर्षांत अक्कड यांच्या टेबलावर आणखी एक प्रकल्प होता. बाराव्या शतकात जेरुसलेम जिंकणारा आणि शत्रूशीही उदारपणे वागल्याबद्दल युरोपातही नावाजला गेलेला सुलतान सलादिन याच्यावरील चित्रपट. प्रमुख भूमिकेसाठी शॉन कॉनरी यांचे नाव त्यांच्या मनात होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हा विषय त्यांना अधिकच निकडीचा वाटू लागला. इस्लामचे नाव दहशतीशी जोडले जात असताना सलादिनची सहिष्णुता जगासमोर यावी, असे त्यांना वाटे. पैशाची जुळवाजुळव मात्र काही केल्या होत नव्हती. मे २००५ मध्ये रिडली स्कॉट यांचा ‘किंग्डम ऑफ हेवन’ प्रदर्शित झाला. त्यात सलादिन होता आणि तो साकारला होता सीरियाचेच अभिनेते घसान मसूद यांनी. अक्कड यांचा सलादिन कागदावरच होता.

अम्मानमध्ये काय घडले?

नोव्हेंबर २००५ मध्ये एका लग्नासाठी अक्कड जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आले होते. त्यांची विवाहित मुलगीही त्यासाठी तेथे पोहोचली होती. ९ नोव्हेंबरच्या रात्री ग्रँड हयात हॉटेलच्या लॉबीत दोघांची भेट होत असतानाच आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला. त्याच रात्री शहरातील आणखी दोन हॉटेलांतही स्फोट झाले. एकूण बळींची संख्या साठच्या घरात होती. इराकमधील अल कायदाने जबाबदारी स्वीकारली. अक्कड यांची मुलगी जागीच गेली. गंभीर जखमी झालेल्या अक्कड यांनी ११ नोव्हेंबरला रुग्णालयात प्राण सोडला. ते ७५ वर्षांचे होते. ज्या धर्माची उदार बाजू जगाला दाखवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच धर्माचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा जीव घेतला. जन्मगावी, अलेप्पोतच त्यांचे दफन झाले.

त्यानंतर दोन्ही वारशांचे काय झाले?

२००६ मध्ये मूळ ‘हॅलोविन’ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड झाली. मालिका अक्कड यांचे पुत्र मलेक यांनी पुढे नेली. २०१८ मध्ये जेमी ली कर्टिस पुन्हा परतली आणि त्या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरहून अधिक कमावले. पहिल्या चित्रपटासाठी लावलेल्या तीन लाखांच्या तुलनेत हा आकडा अक्कड यांच्या व्यापारी नजरेची साक्ष देतो.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, जिची अमेरिकेत फारशी चर्चा झाली नाही. सौदी अरेबियात ३५ वर्षांहून अधिक काळ बंद असलेली चित्रपटगृहे २०१८ मध्ये पुन्हा उघडली होती. जूनमध्ये, ईदच्या दिवसांत, तेथे नव्याने साफसफाई केलेल्या प्रतीसह ‘द मेसेज’ झळकला. चार दशकांपूर्वी ज्या देशाच्या दबावामुळे मोरोक्कोतील मक्केची प्रतिकृती सोडून अक्कड यांना लिबिया गाठावा लागला होता, त्याच देशाच्या पडद्यावर त्यांचा चित्रपट अखेर दाखवला गेला. तो पाहायला ते नव्हते.