हमबकरचे जनक सेथ लव्हर

हेवी मेटल संगीतातील गिटारच्या भारदस्त गर्जनेमागे एका शांत तंत्रज्ञाचे संशोधन आहे. सेथ लव्हर यांचा जन्म १९१० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कलामझू येथे झाला. रेडिओ दुरुस्तीत मुरलेले लव्हर पुढे तेथीलच गिब्सन या गिटार कंपनीत दाखल झाले. तारांची कंपने टिपणारा एका वेटोळ्याचा पिकअप तेव्हा आसपासच्या विजेची घरघरही टिपत असे. १९५५ मध्ये लव्हर यांनी दोन वेटोळी जोडून त्यांची गुंडाळणी व चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवले. त्यामुळे घरघर विरली, तारांचा नाद मात्र अधिक भरीव झाला. हाच ‘हमबकर’. त्याचे पेटंट १९५९ मध्ये मिळाले.

१९६७ मध्ये लव्हर प्रतिस्पर्धी फेंडर कंपनीत गेले. पुढच्या दशकात ‘ज्युडास प्रीस्ट’सारख्या बँडनी ॲम्प्लिफायर पराकोटीला नेले. अशा वेळी सुरांबरोबर घरघरही वाढते. म्हणून मेटलवादकांची पसंती हमबकरलाच मिळाली. घरघर थांबवण्यासाठी झटलेल्या लव्हर यांनी नकळत एका गर्जनेचा पाया घातला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.